बोगद्यात मालनबाई

मी मालनबाई. पोरगा गोकुळ कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला, सून सविता तिथंच पॅकिंगला, आन् दोन नातवंडं दिवसभर माझ्यापाशी. प्रांजल पाच वर्साची, रविराज अडीचचा. गेल्या दिवाळीपासनं माझ्या डोळ्यांवर सायीगत काहीतरी आलंय, समोरचं माणूस म्हंजी नुसती सावली. पण मी चकार शब्द काढला न्हाई. गोकुळ एकदा म्हणून गेला व्हता, "आई, झेपत नसंल तर सांग. चौकात पाळणाघर निघालंय." आग लागू दे त्या पाळणाघराला. लेकरं तिकडं गेली तर मी दिवसभर भितीकडं बघत बसू का? भितबी धड दिसत न्हाई, ती गोष्ट येगळी.

रविवारी गोकुळला सुट्टी घावली, तवा त्यानं समद्यांना गाडीत घालून पुण्याला लेकरांच्या म्युझियमला नेलं. मला वाटलेलं, काचंमागं तलवारी-बिलवारी असतील. हितं उलटंच. हात लावा, फिरवा, चढा, कुणी वरडत न्हाई. रविराज पाण्याच्या चाकापाशी बसला तो उठंचना.

कोपऱ्यात अंधाराचा बोगदा व्हता. आत मिट्ट काळोख, भितीला हात लावत वळणं घ्यायची आन् दुसऱ्या तोंडानं भायेर यायचं. प्रांजल शिरली आन् मधीच अडकून रडाय लागली. गोकुळ आत गेला, डोकं आपटून परत आला. तिथं कामाला असलेली बाई म्हणाली, "थांबा, आतले दिवे लावायला सांगते." थांबतंय कोण? मी पदर खोचला आन् शिरले.

"अहो आत्या, तुम्ही कुठं निघाला?" सविता मागनं म्हणाली.

मला काय अंधार नवा हाय. भितीला पंजा लावला आन् रडण्याच्या रोखानं गेले. दोन वळणं झाली आन् प्रांजल माझ्या कमरेला बिलगली.

"आजी, तुला भ्या न्हाई वाटलं?"

"सवय हाय गं मला." बोलून गेले आन् जीभ चावली.

तिनं नाक वढलं. "ठाव हाय मला. तुला दिसत न्हाई. म्हणून तर मी रवीला गॅसपाशी जाऊ देत न्हाई. पायरी आली की तुझा हात दाबती."

मी हाय तिथंच खाली बसले.

"मम्मीला न्हाई सांगितलं मी," ती कानाशी म्हणाली. "न्हाईतर आम्हाला पाळणाघरात ठेवतील. तू एकटी राहशील."

मी आपली मिरवत व्हते, लेकरं मी सांभाळती म्हणून. आन् हे एवढंसं लेकरू आम्हा दोघांना सांभाळत व्हतं. हिच्या वयाला खेळायचं का पहारा द्यायचा? माझीच मला लाज वाटली.

भायेर आलो तसं सवितानं प्रांजलला पोटाशी धरलं, मग बाकड्यावर डबा सोडाय बसली. मी बसले आन् म्हणलं, "गोकुळ, मला दिसत न्हाई. दिवाळीपासनं. लेकरं माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवू नगंस."

डब्याच्या झाकणाचा आवाज थांबला. गोकुळ माझ्या पायाशी येऊन बसला. "आई, मला सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाला, आन् माझा हात हातात घेतला.

"उद्याच दवाखान्यात जाऊ, आत्या," सविता म्हणाली. "मी रजा टाकते. बाकीचं मग बघू."

तेवढ्यात प्रांजल हमसून रडाय लागली. "आजी, मी न्हाई सांगितलं. खरंच न्हाई."

"तू न्हाई गं माझे बाय. मीच सांगितलं." तिला मांडीवर घेऊन तिचं नाक पदरानं पुसलं. "आता जा तू, खेळ. रवीकडं तुझी मम्मी बघंल. मला तुझा बाप हाय."

"जाऊ?"

"जा."

ती पळत गेली. पार पल्याडच्या घसरगुंडीपर्यंत तिच्या पायांचा आवाज मी आयकत बसले. दिवाळीपासनं ती पळालेली मी आयकलीच नव्हती.