मोहरी एफ-दोनमध्ये

उल्काचं आयुष्य सोपं करायचं, असं श्रीनिवासने एका शुक्रवारी जेवता जेवता जाहीर केलं. उल्काला विचारायचा प्रश्न नव्हता. आयुष्य तिचं असलं तरी कल्पना त्याची होती.

झालं होतं असं, की शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मरीन परेडच्या एका छोट्या ऑडिट फर्ममध्ये तिला नोकरी मिळत होती. पुण्यात सीए होऊन चांगली रुळलेली ही बाई गेली सात वर्षं परदेशात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये डाळ-तांदळाचा ताळेबंद जुळवत बसली होती. आधी क्षिप्रा पोटात होती, मग क्षिप्रा लहान होती, मग पीआर व्हायचं होतं, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळायचा होता. आता पीआर झालं, क्षिप्रा पहिलीत गेली आणि उल्काजवळची सगळी कारणं संपली. अडचण एकच. फर्मला माणूस साडेआठला खुर्चीत हवं होतं, म्हणजे तिने सातच्या आत घर सोडायला हवं. मग क्षिप्राचा डबा, दूध, वेणी आणि शाळेच्या फाटकापर्यंतची सोबत कुणी करायची? श्रीनिवासचं ऑफिस वन-नॉर्थला, आणि तिथे दहाच्या आधी कुणी लॅपटॉपचं झाकणही उघडत नाही. फर्मला उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

“सकाळचं तू बघशील ना?” असं तिने विचारलं तेव्हा श्रीनिवास नाही म्हणाला नाही. तो तसा कशालाच नाही म्हणत नाही, चांगल्या घरातला मुलगा आहे. तो एवढंच म्हणाला, “मी केलं असतं गं, पण तुझ्या किचनमध्ये काय कुठे आहे तेच मला कळत नाही.”

हे वाक्य त्या घरात लग्नापासून नांदत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही होतं. कॉफीच्या बाटलीत हिंग, आइस्क्रीमच्या डब्यात भाजणी, आणि लोणच्याची बरणी उघडावी तर आत वाती. आपल्याकडे डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं यांचा संबंध असायलाच हवा, असं कुणी मानत नाही. घरच्या बाईला माहीत असतं, तेवढं पुरतं. श्रीनिवासच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. प्रश्न इच्छेचा नव्हताच मुळी, प्रश्न आर्किटेक्चरचा होता.

शनिवारी मायलेकींची रवानगी लायब्ररीत झाली. संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा स्वयंपाकघर दवाखान्यासारखं चकाकत होतं. पांढरेशुभ्र, चौकोनी, एकासारखे एक डबे रांगेत उभे होते, आणि प्रत्येकावर एक अक्षर आणि एक आकडा. कशात काय आहे ते फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शोधायचं. आतलं दिसू नये, कारण दिसलं की पसारा वाटतो. उल्काने हळूच विचारलं, मिसळणाचा डबा कुठाय?

“तो बॉम्ब शेल्टरमध्ये टाकला,” श्रीनिवास म्हणाला. “अगं, सात मसाले एकाच डब्यात. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहे तो. एकदा सांडला की सगळंच ठप्प.”

युद्ध झालंच तर जीव वाचवायला म्हणून इथल्या सरकारने घरोघरी दिलेली ती पोलादी दाराची खोली. त्यांच्या घरी तिथे व्हॅक्यूम क्लीनर आणि रिकाम्या सुटकेसा जीव मुठीत धरून बसायच्या. आता सोबतीला उल्काच्या आईने दिलेला डबा गेला.

मग श्रीनिवासने तिला ओट्यासमोर उभं केलं आणि उजवीकडे हात केला की काय, डावीकडे वळलं की काय, ते समजावलं. समजावताना त्याचे डोळे असे चमकत होते, की क्षिप्रा झाली तेव्हाचा त्याचा चेहरा तिला आठवला. तिला भरूनच यायचं, पण तेवढ्यात तो निष्कर्षावर आला.

“आता तुझा सकाळचा निम्मा वेळ वाचणार. पाचला उठलीस तरी सगळं आटपून आरामात निघशील.”

म्हणजे एवढा खटाटोप करून शोध लागला होता तो असा, की सगळं उल्कानेच करायचं, फक्त चौकोनी डब्यांतून.

रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सुलेखाताईंना लेकाने फोन फिरवून फिरवून सगळं दाखवलं. तुझ्या सासऱ्यांनी जन्मात पाण्याचा पेला उचलला नाही, आणि इथे माझा श्री बायकोसाठी सुट्टीच्या दिवशी राबतोय, असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. उल्का किती नशीबवान आहे तेही सांगितलं. उल्का म्हणाली, “हो ना, आई.” दुसरं काय म्हणणार?

सोमवारी पहाटे तिने तालीम करायची ठरवली. पोहे भिजवले, कढई तापली, तेल तापलं. मोहरीला हात घातला तर साबुदाणा निघाला. दुसरा डबा उघडला, त्यात रवा. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.

“श्रीनिवास, मोहरी कुठेय?”

“एफ-दोन,” आतून झोपाळलेला आवाज आला.

“एफ कुठेय?”

“डीच्या खाली.”

“आणि ई कुठे गेला?”

“ई फ्रीजमध्ये आहे.”

तेलाचा धूर व्हायला लागला. फोडणीला थांबायची सवय नसते. श्रीनिवास चड्डीवर, डोळे चोळत आला, डबा काढून दिला आणि परत गेला. मग हळदीसाठी आला. मग हिंगासाठी. चौथ्यांदा मिठासाठी आला तो गेलाच नाही, तिथेच उभा राहिला. आणि त्याच्या हातात डबा आहेच तर, म्हणून उल्काच्या तोंडून सहज निघून गेलं, “तूच टाक ना. मला इथलं काही कळतच नाही.”

बोलली आणि चमकली. हे वाक्य तिच्या चांगल्या ओळखीचं होतं, फक्त आजवर ते दुसऱ्याच्या तोंडून आलेलं होतं. श्रीनिवासने मात्र निमूट मीठ टाकलं, पोहे टाकले, आणि उल्का रिकाम्या हातांनी बाजूला उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच चालू गॅससमोर तिचे हात रिकामे होते. बरं वाटलं.

आता, लोकांनी हिशेबात दडवलेल्या गोष्टी हुडकून काढायला जी बाई शिकली, तिला चार कपाटांचा नकाशा पाठ व्हायला असा किती वेळ लागणार? मंगळवारी दुपारपर्यंत तिच्या बोटांना सगळं ठाऊक झालं. पण हे तिने कुणालाही सांगितलं नाही. बुधवारी सकाळी ती ओट्यासमोर उभी राहून इतक्या हताशपणे डब्यांकडे बघत राहिली, की श्रीनिवासला दया आली.

बुधवारचे पोहे त्याने एकट्याने केले. दुपारी क्षिप्राने अर्धा डबा परत आणला आणि शाळेतून उचललेल्या इथल्या इंग्रजीत निकाल दिला, “बाबाज पोहे लाइक प्लॅस्टिसिन, लाह. बट कॅन ईट.” म्हणजे खेळायच्या मातीसारखे, पण खाता येतात. गुरुवारी तो जिभेचं टोक दातांत धरून मीठ चमच्याने मोजत होता, आणि दारातून बघताना उल्काचा जीव थोडा थोडा होत होता. पुढे व्हावं, चमचा हातातून घ्यावा, दोन मिनिटांत करून टाकावं. असं दोन मिनिटांत करून टाकता टाकताच तर सात वर्षं गेली होती. ती आत जाऊन क्षिप्राची वेणी घालत बसली, आणि वेणी जरा जास्तच घट्ट झाली.

शुक्रवारी तिने फर्मला हो कळवलं.

कामाच्या पहिल्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली. धाकधुकीत चहा टाकला, दिवा न लावता हात वर नेला, साखर काढली, वेलदोडे काढले, झाकणं लावली. मागे वळली तर दारात श्रीनिवास.

“तुला माहितीये,” तो म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या मंगळवारपासून.”

त्याचा चेहरा उतरला. आता हा रुसून आत गेला, तर क्षिप्राचा डबा आपल्याला करावा लागेल, गाडी चुकेल, आणि मग उद्याही चुकेल. पण आवाज तिने खालीच ठेवला.

“तुलाही माहीत होतंच की, श्रीनिवास. आई पुण्याहून पाठवतात ते लाडू मी कुठे ठेवते, हे तुला एकदा तरी विचारावं लागलं का?”

श्रीनिवासने खाली वाकून टोपलीतून एक कांदा उचलला, सोलायला कुठून सुरुवात करायची असते ते जरा न्याहाळलं आणि सुरी घेतली.

उल्का चहा अर्धा टाकून बुटांत पाय घालत होती, तेव्हा आतून आवाज आला, “एवढ्या पोह्यांना मीठ किती?”

“चाखून बघ,” ती म्हणाली, आणि बाहेरचं जाळीचं दार ओढून लिफ्टकडे निघाली.