पाचाचा आठ

काकूंचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं, मागे गेलं आणि पुन्हा तिथेच येऊन अडलं.

"अहो शास्त्रज्ञ, जरा इकडे या. या ओळीत कॉम्प्युटरवर काय लिहिलंय?"

काकू अहो-जाहो करायला लागल्या की समजावं, काहीतरी बिनसलंय. पुतणीने पडद्यावर पाहिलं. "'कपभर पाण्यातून दोनदा घ्यावे.'"

"आणि इथे छापलंय 'मपभर पाण्यातून नोनना घ्यावे'. मपभर म्हणजे किती गं? कपाहून मोठं की लहान?"

दोघी हसल्या, पण काकूंचं हसू अर्ध्यावरच विरलं. हा आजचा बारावा कागद होता. आधीचे अकरा नऊ वाजता दवाखान्याचा शिपाई घेऊन गेला होता, आणि आता पावणेअकरा वाजले होते.

काकूंना जन्मापासून दिसत नव्हतं. दवाखान्याच्या ज्या पेशंटना दिसत नाही, त्यांचे औषधांचे कागद त्या या खोलीत ब्रेलमध्ये छापून देत. कोणतं औषध, केव्हा, किती. मजकूर दवाखान्यातून यायचा, यंत्र सहा सुयांनी कागदावर टिंबं उठवायचं आणि प्रत्येक कागद काकूंच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचा नाही.

"अकराही कागद मी वाचलेत," काकू म्हणाल्या. "शब्द सगळे जागच्या जागी होते."

"आणि आकडे?"

 शब्द बिघडला तर बोटाला लगेच खुपतो. आकड्याच्या जागी दुसराच आकडा बसला, तर बोटाला काय कळणार? तोही आकडाच.

त्यांनी यंत्र बंद केलं, पंधरा मिनिटं गार होऊ दिलं आणि परत चालू करून पुतणीला सगळी अक्षरं आणि शून्य ते नऊ आकडे छापायला लावले. कागद बाहेर आला. काकूंनी तो दोनदा वाचला. क होता तसा क, द होता तसा द, आणि दहाही आकडे बरोबर.

"हुश्श. रुसलं होतं म्हणायचं. निघाली समजूत!"

पुतणीचा जीव काही भांड्यात पडला नाही. आपोआप आलेला आणि आपोआप गेलेला दोष आपोआपच परत येतो, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने तीन वर्षं भोगलं होतं. पदवी हातात घेऊन ती दोन महिन्यांपूर्वी काकूंकडे राहायला आली होती. जुन्या यंत्रांतले मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेले छोटे कॉम्प्युटर, कसे वाचायचे आणि नव्याने कसे लिहायचे, हे तिला शिकायचं होतं. आता कुणी शिकवत नाही ते. तिची शिकवणी चालली होती काकांच्या वहीवरून. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. या यंत्राला मराठी अक्षरं आणि आकडे त्यांनीच शिकवले होते, सत्तावीस वर्षांपूर्वी, एकेक अक्षर हाताने टाइप करून. तो तक्ता फक्त एका चिपमध्ये होता. वहीत त्याची नक्कल नव्हती. काकांना वाटलं असेल, यंत्र आहे तोवर तक्ता आहेच.

तिने बिघडलेला कागद खिडकीपाशी तिरका धरून टिंबं मोजली. क म्हणजे दोन टिंबं, पहिलं आणि तिसरं. इथे चौथंही उठलं होतं, म्हणून म झाला. द ची तीन टिंबं, त्यात एक वाढलं की न. एकूण पाच अक्षरं बिघडली होती, आणि पाचही ठिकाणी टिंब वाढलेलं. कमी झालेलं एकही नाही.

"काकू, सुई खराब असती तर टिंबं गळाली असती ना?"

"गळालीच असती. दोनदा सुई मोडलीय, तेव्हा गळालीच होती."

"इथे वाढलीयत. नुसती वाढलीयत."

बोलता बोलता तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या काळच्या चिपमध्ये लिहायचं म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार साठवायचा. भार असेल तिथे शून्य, नसेल तिथे एक. पुसायचं असेल तर चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश टाकायचा, भार निघून जातो, सगळे एक होतात. आणि काकांच्या तक्त्यात एक म्हणजे टिंब. भार गळायला लागला, तर टिंबं वाढतच जाणार. अर्धवट गळालेला कप्पा यंत्र गार असताना शून्य सांगेल आणि तापलं की एक.

तिने यंत्राकडे पाहिलं. त्याचं झाकण गेल्या मंगळवारपासून उघडं होतं. तिनेच उघडलं होतं, आतली जोडणी वहीत उतरवायला. टेबलही तिनेच खिडकीपाशी ओढलं होतं. काकूंच्या खोलीचे जाड पडदे वर्षानुवर्षं बंद असायचे, कारण उजेडाचं तिथे कुणाला काही कामच नव्हतं. सकाळचं ऊन आता तिरकं यंत्राच्या पोटात शिरलं होतं आणि चिपची नखाएवढी खिडकी त्यात चमकत होती. त्या खिडकीवर सत्तावीस वर्षं एक काळा कागदी तुकडा चिकटवलेला होता. खालचा नंबर दिसावा म्हणून तिने तो सोलून काढला होता. 'नमुना' असं लिहून तो तिने वहीत चिकटवला होता.

वही समोरच पडली होती. तुकडा तिथेच होता.

"काय झालं गं? श्वास का कोंडलास?"

"काही नाही. चिप काढून वाचते."

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

तिने आधी खिडकीवर काळी टेप दाबली, मग चिप अलगद उपटून प्रोग्रॅमरच्या, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्राच्या, खाचेत बसवली. या डबीएवढ्या यंत्रावर शिकताना तिने दोन जुन्या चिप जाळल्या होत्या. एक उलटी बसवून आणि दुसरीला बाराऐवजी एकवीस व्होल्ट देऊन. तेव्हा काकूंनी नुसतं विचारलं होतं, "करपल्याचा वास येतोय, अभ्यास चाललाय का?" आता खाचेत बसली होती ती भंगारातली नव्हती. तिने टोकावरची खूण तीनदा पाहिली.

पाच व्होल्टवर पहिल्यांदा वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही वेळचे आकडे जुळेनात.

काकांच्या वहीत शेवटून चौथ्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'चिप म्हातारी झाली की तिला ओरडून विचारू नये. व्होल्टेज कमी करावे, ती खरे सांगते.' कमी व्होल्टेजवर अर्धवट गळालेला कप्पाही अजून भरलेला दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. तिने व्होल्टेजचं बटण हळूहळू फिरवलं. चार पॉइंट सहा, तरी जुळेना. चार पॉइंट चार. चार पॉइंट दोनवर तिने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एक बाइटही हलला नाही. हा काकांचा तक्ता. तिने तो तीन ठिकाणी साठवून ठेवला आणि मगच पाच व्होल्टवरच्या तक्त्याशी ताडून पाहिला.

फरक सहा ठिकाणी होता. पाच अक्षरं, कागदावर सापडलेलीच. सहावा आकडा.

"काकू." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पाचाचा आठ होतोय. तापल्यावर."

ब्रेलमधला पाच म्हणजे पहिलं आणि पाचवं टिंब. मध्ये दुसरं उठलं की आठ. काकूंना हे सांगावं लागलं नाही, त्यांचं बोट मांडीवर आपोआप तसं हललं.

"शोध. सकाळच्या अकरांत पाच कुणाला होता?"

शोधायला चार सेकंद लागले. एकच. "'इन्सुलिन, दुपारी जेवणाआधी, ५ युनिट.' काकू, हे तर सूरवाले."

पियानो सुरात लावायचं काम करत, म्हणून काकांनीच त्यांना ते नाव ठेवलं होतं. दृष्टी गेलेली, वय सत्तरच्या पुढे, घरी एकटे. महिन्याभरात दोनदा साखर उतरून चक्कर येऊन पडले होते, म्हणून डॉक्टरांनी डोस सहावरून पाचावर आणला होता.

काकूंनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. "कामावर असला की तो फोन बंदच करून पेटीत टाकतो. आज संगीत शाळेच्या सभागृहात असेल." त्यांनी दवाखान्याला लावला, तिथे कुणीतरी थांबा म्हणालं आणि बाजा वाजायला लागला. "किती वाजले?"

"बारा वाजून पाच."

"तो साडेबाराला जेवतो. घड्याळ लावावं असा जेवतो मेला!" आणि फोन कानाला तसाच धरून काकूंनी विचारलं, "सत्तावीस वर्षं टिकली ती चिप. आजच कशी गेली?"

हा प्रश्न येणार हे तिला केव्हापासून माहीत होतं.

"खिडकीवरचा काळा कागद मी काढला. परत लावला नाही. टेबल उन्हात मीच आणलं. आठवडाभर."

बाजा वाजत होता. 

"तू पळ," त्या म्हणाल्या. "रागवायला मी इथेच आहे."

ती पळाली. जिना, गल्ली, मग मोठा रस्ता. सिग्नलला गाड्यांची रांग होती, म्हणून तिने रिक्षाचा विचार सोडला आणि फुटपाथ धरला. डोक्यात एकच हिशेब घोळत होता. अकरांपैकी त्यांचा कागद कितवा छापला? आधीचा असेल तर यंत्र गार होतं आणि पाच पाचच असेल. मधला असेल तर सांगता येत नाही. शेवटचा असेल तर... धापा टाकत तिने फाइलींचा क्रम आठवायचा प्रयत्न केला, पण आठवेना. कोपऱ्यावर एका बाईच्या हातातली पिशवी तिच्या धक्क्याने खाली पडली. "डोळे फुटले का गं?" असं मागून ऐकू आलं, तरी तिने वळून पाहिलं नाही.

सभागृहाच्या पायऱ्यांवरच तिला पियानोचा एक स्वर ऐकू आला. तोच स्वर पुन्हा, थोडा चढा. पुन्हा. वाजतोय म्हणजे अजून जेवायला बसलेले नाहीत. मग तो स्वर थांबला. ती आत शिरेपर्यंत परत वाजला नाही.

मंचावर पियानोचं झाकण उघडं होतं आणि स्टुलावर कुणी नव्हतं. बाजूच्या खोलीतून आवाज आला. टक. टक. सावकाश, एकसारखा.

इन्सुलिनच्या पेनाची चकती एकेक युनिटला टक करते. दिसत नसेल तर टक मोजायचे.

टक. टक.

"थांबा!" ती ओरडली, तेही एवढ्या मोठ्याने की सभागृह घुमलं. "सूरवाले, थांबा, टोचू नका!"

दारात ती पोचली तेव्हा ते खुर्चीत बसले होते, सदरा पोटावरून वर केलेला, पेन हातात. कागद मांडीवर, डबा टेबलावर बंद.

"कोण? वहिनींची पुतणी ना तू? अगं, केवढ्याने ओरडतेस! सहापर्यंत मोजलं होतं, आता विसरायला लावशील."

"किती घ्यायचेत?"

"आठ."

तिने दाराची चौकट धरली. "पाच आहेत. कागद चुकलाय. माझ्यामुळे."

 सूरवाल्यांनी चकती उलटी फिरवली, टक टक करत शून्यावर आणली आणि पेन टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर पाचच म्हणाले होते," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या कानांनी ऐकलं. पण कागदावर आठ लागले. म्हटलं, मीच चुकीचं ऐकलं असेल, वय झालं. वहिनींचा कागद कधी चुकायचा नाही." ते हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "चाळीस वर्षं कानांवर पोट भरलं, आणि आज त्यांचंच ऐकलं नाही बघ."

 त्यांनी कागद टेबलावर पसरला, बोटाने तो आकडा शोधला आणि मधलं टिंब अंगठ्याच्या नखाने दाबून, घासून, सपाट केलं.

"बघ. झाला पाच."

तिने वाकून, तिरकं पाहिलं. तिथे आता फक्त एक पुसट खळगा होता. मग त्यांनी परत पेन घेतलं. ती मोठ्याने मोजत होती आणि तेही. टक. पाच.

काकूंना फोन लागला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्याचं जेवण होईपर्यंत तिथेच बस."

ती परतली तेव्हा खोलीत अंधार होता. पडदे ओढलेले, टेबल भिंतीशी त्याच्या जुन्या जागी. काकूंनी एकटीने ते ढकललं होतं. बाकीच्या दहाही जणांना फोन करून त्यांनी कागद वाचून घेतले होते. सगळे बरोबर निघाले.

"कोरी चिप आहे तुझ्याकडे?"

"एकच."

"किती व्होल्टची?"

"एकवीस. पाठीवर लिहिलंय. बघितलंय."

"परत बघ."

तिने परत पाहिलं. तक्ता लिहायला साडेतीन मिनिटं लागली. ताडून पाहिला, जुळला. वहीतला काळा तुकडा तिने नखाने सोडवला, त्याचा डिंक वाळला होता, म्हणून वर टेप लावून तो नव्या चिपच्या खिडकीवर बसवला. झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले.

"आता यंत्र तापू दे," काकू म्हणाल्या. "तास, दीड तास. छापत राहा."

"काय छापू?"

"पाच."

तिने पानभर पाच छापले. मग दुसरं पान. यंत्र खडखडत राहिलं, तापलं, गरम धातूचा वास यायला लागला. काकू प्रत्येक ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट नेत होत्या, एकही आकडा न वगळता. पुतणी त्यांच्या बोटाकडे बघत होती, ते कुठे थांबतंय का म्हणून. सातव्या पानाच्या मध्यावर ते थांबलं.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही. बोट दुखलं." काकूंनी बोट पदराला पुसलं आणि दुसरं बोट पुढे केलं. "हं. पुढचं पान दे."