बाहीआडची मूठ

मित्रांनो, माझ्या अंगावर कधीकाळी सूर्यफुलाचे चित्र होते. आता तिथे गंज आहे. मी पंधरा किलो तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा, नागपुरातल्या कॅन्सरच्या एका दवाखान्यासमोर कांताबाईच्या चहाच्या टपरीला साखळीने बांधलेला.

मला इथे आणले कवडू हमालाने. कळमन्याच्या बाजारात तो पोती उचलायचा. त्याची मुलगी आजारी असताना तो याच फुटपाथवर महिनाभर राहिला होता. तेव्हा एका भल्या माणसाने त्याला तांदूळ दिले, पण चार लोकांना हाका मारून, दाखवून दिले. पोर वाचली. त्या तांदळाचा घास मात्र कवडूच्या घशात आयुष्यभर अडकून राहिला.

म्हणून त्याने माझे तोंड गोल कापले, कडा ठोकून बोथट केल्या आणि आपल्याच सदऱ्याची एक बाही फाडून त्यावर घट्ट बांधली. बाहीत हात घालायचा. ज्याच्याजवळ आहे त्याने मूठभर तांदूळ किंवा डाळ सोडायची, ज्याला हवी त्याने घ्यायची. बाहेरून दोन्ही हात सारखेच दिसत. कोण देतो आणि कोण घेतो, हे फक्त मला कळायचे. अहो, घड्याळ घातलेले कितीतरी हात रिकामे आले आणि भरून गेले! मी कोणाचे नाव घेतले नाही.

असा डबा प्रत्येक दवाखान्यासमोर असावा, हे कवडूचे स्वप्न होते. तो गेला, आणि त्याच्या मुलाने, अंकुशने, मला घरी नेऊन पलंगाखाली सरकवले. अकरा वर्षे मी खिळे आणि मोडके नळ सांभाळले. राग आला होता, खोटे कशाला बोलू?

मग अंकुशच्या मुलीने, दामिनीने, मला ओढून बाहेर काढले. पोरगी चोवीस वर्षांची, जिद्दीची. आजोबांचे स्वप्न पुरे करायचे म्हणून तिने नोकरी सोडली आणि 'मूठ' नावाची संस्था काढली. मला घासूनपुसून पुन्हा टपरीवर बसवले आणि शहरात आणखी नऊ डबे ठेवले. मी नुसता फुगलो होतो.

पण देणारे विचारू लागले, आमचे धान्य जाते कुठे? तेव्हा दामिनीने बाही काढून टाकली, माझ्या पोटाला काच बसवली आणि घेणाऱ्यांचे फोटो काढून देणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली.

"काहून काढली वं बाही?" कांताबाईने विचारले.

"लोकाइले दिसलं पाहिजे नं, आजी. दिसलं त देतेत."

ते खरेच होते. फोटो गेले तशी पोती येऊ लागली.

त्या फोटोंत देवराव होता. त्याचे नाव सांगतो, कारण त्याला सगळ्यांनी आधीच पाहिले आहे. सावनेरकडच्या एका खेड्यातला, गावच्या प्रत्येक लग्नात आग्रह करकरून पंगत वाढणारा माणूस. त्याच्या बायकोला, तुळसाबाईला, तीस शेक घ्यायचे होते. कॅन्सरवरच्या किरणांना इथे सगळे शेकच म्हणतात. रोज दोन मुठी घेऊन देवराव तीन विटांच्या चुलीवर खिचडी शिजवायचा. निम्म्याहून जास्त शेक झाले होते.

एका दुपारी तो माझ्या शेजारी बसला असताना त्याच्या पुतण्याचा फोन आला. आवाज मला आणि टपरीतल्या कांताबाईला स्पष्ट ऐकू येत होता.

"काका, गावात तुमचा फोटो फिरून राहिला. तुम्ही तिथं मागून खाता का?"

"नाही गा," देवराव म्हणाला. "दुसरा कोणी असन."

दुसऱ्या दिवशी तो आला, चार पावलांवर थांबला आणि परत फिरला. दोन दिवस त्या दोघांनी चहावर काढले. तिसऱ्या दिवशी विटा तिथेच होत्या, ते दोघे नव्हते. अकरा शेक राहिले होते. आणि मी काठोकाठ भरलेला होतो, मित्रांनो. त्या तांदळाची मला अजून लाज वाटते.

कांताबाईने दामिनीला हे सांगितले, पण तोवर महिना उलटून गेला होता. दामिनी लगेच बसने त्याच्या गावी गेली. परत आली ती टपरीच्या बाकावर बसूनच राहिली.

"तुळसाबाई गेली, आजी. मी पोचली तवा तेरवी होती." मग म्हणाली, "त्यानं मले जेवल्याबिगर येऊ देलं नाही. सोताच्या हातानं वाढलं."

दामिनीने सगळे फोटो काढून टाकले. देणारेही पांगले, नऊ डबे बंद पडले. उरलो मी एकटा. माझ्या काचेवर तिने पत्रा ठोकून घेतला आणि आपल्या कुर्त्याची बाही कापून माझ्या तोंडावर बांधली.

परवा दवाखान्यातले कागद न्यायला देवराव आला होता. दामिनीने त्याला पाहिले, आणि पाठ फिरवून ती चहाचे पेले विसळू लागली. त्याने बाहीत हात घातला. मधले बोट वाकडे, मी लगेच ओळखले. हात बराच वेळ आत राहिला.

मित्रांनो, कोणाला काही द्याल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहू नका. या जुन्या डब्याचे एवढेच मागणे आहे. आणि देवरावाने त्या दिवशी मूठ सोडली की भरली, ते मला विचारू नका.