पाठीमागची खुर्ची

तिनं पेन्सिलीनं मागच्या खुर्चीवर दोनदा टकटक केलं. नवऱ्यानं न वळताच कळफलकावर चार बोटं फिरवली आणि खाली औषधखिडकीवर खोळंबलेली रांग पुन्हा हलू लागली.

रुग्णालयाच्या या वरच्या खोलीत दोघं एकोणीस वर्षं पाठीला पाठ लावून बसत होती. खिडक्यांवर दिसणारा प्रोग्राम ती सांभाळायची, नोंदींचा साठा तो. दोन्ही एकाच सर्व्हरवर. मग काय, भांड्याला भांडं लागायचंच! साठ्यावर ताण आला की प्रोग्राम अडकायचा, आणि मग टकटक. दुपारी पडद्यातून ऊन झिरपायचं, पंख्यांची घरघर चालू असायची, आणि तिला वाटायचं, ही खोली सुटून हळूहळू कुठंतरी तरंगत चाललीय आणि तिच्यात आपण दोघंच आहोत.

नवी प्रणाली बसवायला आलेला इंजिनिअर संगणकाच्या पडद्यावरच्या प्रश्नापाशी थांबला होता.

“मॅडम, दोन्ही एकाच सर्व्हरवर टाकू, की वेगवेगळ्या? मला विचाराल तर एकत्रच बरं. तुमच्या तक्रारवहीत एकोणीस वर्षांत एक नोंद नाही!”

नसणारच. टकटक वहीत कोण लिहितं?

वेगळं केलं, तर साठ्याचा सर्व्हर अंगणापलीकडच्या इमारतीत, थंड खोलीत जाणार. त्याच्यामागोमाग नवराही. गप्प बसलं की झालं, कुणाला कळणार होतं? पण गेल्या वर्षी हा कंबर धरली म्हणून आठवडाभर घरी पडून होता, तेव्हा रांग दोन तास जागची हलली नव्हती. ती धावत खाली गेली, तर तापलेलं मूल कडेवर घेतलेल्या एका बाईनं विचारलं, “अजून किती वेळ हो?” ते काही केल्या तिच्या मनातून जात नव्हतं.

“अहो, सांगून टाकू?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मला काय विचारतेस? सही तुझी.” मग तो म्हणाला, “तिकडे गारठा फार आहे म्हणे. माझा स्वेटर काढून ठेव.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“वेगवेगळ्या,” ती इंजिनिअरला म्हणाली. “आणि ती तक्रारवही द्या इकडे. एकोणीस वर्षांचं लिहायचं राहिलंय.”

महिना झाला. काही म्हणता काही अडकेना. खाली रांगा भराभर सरकत होत्या. तिला फार बरं वाटायचं आणि मुळीच करमायचं नाही.

एका दुपारी तसंच ऊन झिरपलं, तशीच घरघर. तिच्या पापण्या जडावल्या आणि हात सवयीनं मागे गेला. टक, टक. रिकामी खुर्ची जराशी फिरली.

फोन वाजला.

“काय गं, अडकलं का काही?”

“नाही. का हो?”

“काही नाही.” तो थोडा ओशाळला. “पाठीवर टकटक झाल्यासारखं वाटलं.”

तिनं खुर्चीची पाठ हातानं धरून ठेवली.

“स्वेटर घातलाय ना?” तिनं विचारलं.