दोन पायल्यांचे रोडगे

आमच्या घरात गणिताचे मास्तर आहेत, आणि तरीही दोन पायल्या कणकेचे रोडगे अन् खायला तीन माणसं, हा हिशेब आमच्याच वाट्याला आला.

मास्तर म्हणजे माझे यजमान, पंजाबराव. नांदुऱ्याच्या शाळेत आयुष्यभर अपूर्णांक शिकवले आणि रिटायर झाले. नवस फेडायचा दिवस त्यांनीच ठरवला. शनिवार पाहिला, व्हॅनची सर्व्हिसिंग पाहिली, हवामानसुद्धा पाहिलं. फक्त पिंपळगाव राजा गावातल्या आमच्या सगळ्या भाऊकीच्या शेतात कापूस फुटून पांढरा झालाय, एवढंच पाहायचं राहिलं.

नवस माझ्या सासूबाईंनी बोललेला. आशाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. मागच्या वर्षी अकोल्याला माझं ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती. ती काढली, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. दवाखान्याच्या बाकावर बसून आत्याबाईंनी डोंगरातल्या मारोतीला शब्द दिला होता की पुष्पा घरी आली तर दोन पायल्यांचे रोडगे घालीन. मला कुणी विचारलं नव्हतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि माझा आजार देवाबिवाच्या कानावर घालायलाही माझी परवानगी नव्हती. मी तो कुणालाच सांगितला नव्हता. केस कापले, असंच म्हणत आले.

या मारोतीचे नियम कडक. रोडगे तिथेच डोंगरावर भाजायचे आणि तिथेच संपवायचे. एक तुकडासुद्धा खाली उतरवायचा नाही. ज्याच्यासाठी नवस, त्याने वाढायचं आणि पंगत उठल्यावर जेवायचं. जिने नवस बोलला, तिने त्याच्याही मागून. तोवर दोघींनी पाणी सोडून काही तोंडात घालायचं नाही.

सकाळी उजाडताच आम्ही पोचलो. पिंपळगावच्या मागे डोंगर सुरू होतो, कच्च्या रस्त्याने व्हॅन कण्हत कण्हत वर चढते आणि मग एका सपाटीवर वडाखाली शेंदूर लावलेला मारोती दिसतो. खाली दरीत सीताफळाची झाडंच झाडं. हवा अशी गार आणि स्वच्छ की मी कुरकुर करायची विसरले. गोवऱ्या रचल्या, निखाऱ्यांचा आर पडला, कणकेचे गोळे त्यात पुरले. वांग्याची भाजी शिजली, वरणाला फोडणी बसली. वास असा सुटला की वडावरची माकडं खाली येऊन बसली.

आणि भाऊकीचा पत्ता नाही.

फोनला रेंज नव्हती. पंजाबराव एका खडकावर चढले, हात उंच केला आणि त्यांच्या धाकट्या भावाला, भागवतला फोन लागला. स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या डोंगराने ऐकलं.

"दादा, मजूर भेटले ना आज! पंधरा दिवस झाले हातापाया पडून राह्यलो, अन् आज गाडीभर बाया आल्या वेचाले. कोनाच्याच घरचं मानूस मोकळं नाई. आता त्याईले सोडून कसं याव?"

"मग आदल्या दिवशी सांगायचं नाही?"

"मले काय माहीत, त्या येतीन म्हनून? तुमीच सांगा दादा, ऐन वेचनीत नवस कोन ठेवते?"

फोन कटला. मास्तर खडकावरून खाली उतरले, तेव्हा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा होता. मला हसू आलं.

"घेऊन जाऊ परत," मी म्हणाले. "नांदुऱ्यात गल्लीत वाटू. काय बिघडलं?"

आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, वाळलेल्या, पण आवाज अजून खणखणीत.

"एकबी रोडगा खाली उतरनार नाई," त्या म्हणाल्या. "उतरला तं नवस फिटला नाई. अन् नवस नाई फिटला तं..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

ते न बोललेलं मला लागलं. पुढच्या आठवड्यात माझी तपासणी होती. माझा विश्वास नाही, हे खरं. पण तपासणी जवळ आली की विश्वास नसलेल्या माणसाचीही झोप उडते. मी पदर खोचला.

"अहो, तुम्ही आर सांभाळा. मी माणसं घेऊन येते."

"कुठून?" मास्तर म्हणाले.

"डोंगरातून."

पहिलं घर म्हणजे घर नव्हतंच. एका कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, शेजारी ताडपत्रीचं पाल, आणि पालासमोर एक उंच बाई तव्यावर भाकर टाकत होती. तिचा नवरा कोकराच्या पायातला काटा काढत होता. बाईचं नाव जनकाबाई, नवऱ्याचं निवृत्ती.

"या बाई, बसा," ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत ताटलीत गरम भाकर, ठेचा आणि वर लोण्याचा गोळा माझ्या पुढ्यात आला.

"मी जेवत नाही," मी म्हणाले. "तुम्हीच चला जेवायला. वर मारोतीपाशी रोडगे केलेत."

तिचा हात थांबला. "काऊन? आमची भाकर चालत नाई का?"

"चालते हो. पण आज नाही."

"म्हनजे आमच्या पालापुढं येऊन घासभर खात नाई, अन् आमी तुमच्या पंगतीत जाऊन बसाव? असं नसते बाई. तुमी आमचं खा, मंग आमी तुमचं खाऊ."

भूक लागलेली, ऊन चढलेलं, लोणी समोर वितळत होतं आणि ही बाई मला व्यवहार शिकवत होती. माझं डोकं फिरलं.

"अहो, खायची सोय असती तर तुमचा तवासुद्धा सोडला नसता मी!" मी ओरडले. "नवस माझ्यासाठी आहे. मला कॅन्सर झाला होता. सगळे जेवल्याशिवाय मला खाता येत नाही, आणि तिकडे एक म्हातारी सकाळपासून माझ्यासाठी उपाशी बसली आहे."

हा शब्द मी बहिणीपुढे उच्चारला नव्हता, शेजारणीपुढे नाही. आणि इथे एका अनोळखी पालापुढे, लोण्यापायी, तोंडातून निघून गेला.

जनकाबाई अरेरे म्हणाली नाही, बिचारी म्हणाली नाही. तिने तव्यावरची भाकर उलटवली, भाजली, आधीच्या भाकरींवर ठेवली आणि सगळ्या एका फडक्यात बांधल्या.

"मंग हे वर घेऊन चालतो," ती म्हणाली. "तुमी शेवटी जेवान ना, तवा आमची भाकर खा. झालं? निवृत्ती, उठ. कुत्रं राह्यते मेंढराईपाशी."

तिचा तोडगा चांगला होता. फक्त तो पुढे सगळ्यांनीच काढला.

सीताफळाच्या रानाशी एक पिकअप उभी होती. वहाबभाई आणि त्यांची बायको बिलकिस, दोघं खामगावचे फळवाले, क्रेट भरत होते. तानाबाई नावाची एक गावातली बाई आणि तिच्या सहा-सात जोडीदारणी फळं तोडून आणत होत्या. सगळ्यांची जेवायची वेळ झालेली, डबे उघडायच्या बेतात. मी आमंत्रण दिलं. इथे मला सांगायचं काम पडलं नाही. जनकाबाईने माझी सगळी कथा बाजारभावासारखी मोठ्याने सांगून टाकली. मी आधी चिडले आणि मग मला एकदम हलकं वाटलं. डोक्यावरचा भारा दुसऱ्याने उचलून घ्यावा, तसं.

बिलकिस म्हणाली, "ताई, आमी येतो, पन देवाचं जेवन हाये. तुमच्या सासूले चालन का?"

"त्यांनाच विचारू," मी म्हणाले, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

"अन् आमचा डबा बी आनतो," वहाबभाई म्हणाले. "आलूची भाजी अन् पराठे हायेत. रिकाम्या हातानं कसं याव?"

तानाबाईच्या बायांनीही आपापल्या शिदोऱ्या उचलल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांदे, तिळाची चटणी. एकीने ओटीत सीताफळं घेतली. मी पुढे आणि मागे ही वरात, अशी आम्ही वर आलो.

आत्याबाईंनी बिलकिसला खालून वर पाहिलं. त्या जुन्या माणूस. दवाखान्यातसुद्धा नर्सच्या हातचं पाणी घ्यायच्या आधी तिचं आडनाव विचारलं होतं.

"अम्मा, देवाचं हाये म्हनून इचारतो..." वहाबभाई म्हणू लागले.

"देवाचं काढून ठेवलं म्या बाजूले," आत्याबाई म्हणाल्या. "हे मानसाईचं हाये. भूक लागली का नाई तुमाले?"

"लागली ना अम्मा."

"मंग बसा. माह्या सुनेच्या जिवाचं काम हाये, मले टाइम नाई."

पंगत बसली. मी वाढत होते. रोडगा हातावर फोडायचा, राख झटकायची, वर तुपाची धार, बाजूला गूळ, वरण, भाजी. निवृत्तीने तिसरा मागितला तेव्हा मास्तरांनी आनंदाने टाळी वाजवली. पण शिदोऱ्याही उघडल्या होत्या ना! तानाबाई बिलकिसला कळण्याची भाकर वाढत होती, बिलकिस निवृत्तीला पराठा देत होती, जनकाबाई सगळ्यांना ठेचा. लोक आमचे रोडगे सोडून एकमेकांचं खाऊ लागले.

मास्तर माझ्या कानाशी आले. "पुष्पा, या वेगाने रोडगे संपायचे नाहीत. आवक जास्त आहे."

"अहो, जरा बसता का तुम्हीही पंगतीला!"

बसले. चार खाल्ले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पथ्य त्या चार रोडग्यांत बुडालं. मग गप्पा सुरू झाल्या. जनकाबाईने सांगितलं की मेंढरं या रानात अजून आठवडाभर आहेत. बिलकिसने तिच्या भावाच्या लग्नाची गंमत सांगितली, वराची गाडी घाटात बंद पडली आणि वर उसाच्या ट्रॉलीतून आला. तानाबाई हसता हसता ठसकली. ऊन पानांमधून खाली पडत होतं. मी रिकाम्या पोटी उभी होते, पाय दुखत होते आणि तरी मला फार बरं वाटत होतं. कितीतरी महिने घरचे माझ्याभोवती हळू आवाजात बोलत आले होते. हे लोक मोठ्याने बोलत होते.

ऊन कललं. टोपलीत तीन रोडगे उरले. एक माझा, एक आत्याबाईंचा आणि एक जास्तीचा. पंगतीतल्या प्रत्येकाने हात आडवा केला. आता एक घास गेला तर पिकअप चालवता येणार नाही, असं वहाबभाई म्हणाले.

"आत्याबाई, माकडांना देऊ तो," मी म्हणाले.

"मानसाचा घास हाये."

"मग मी दोन खाते."

"तुले तुह्या वाटचा एकच. जास्तीचा पंगतीचा. पंगतीनंच संपवाले पाह्यजे."

बोलता बोलता त्या वडाला टेकल्या. सकाळपासून पोटात काही नाही, ऐंशीच्या पुढचं वय. मी त्यांच्यापुढे बसले. माझा आवाज चढला.

"बस झालं आता! एका रोडग्याने काय होणार आहे? तुम्ही जेवा आधी. तुम्ही पडलात तर मी काय करू?"

"अन् तू पडली तं म्या काय करू?" त्या म्हणाल्या.

तीस वर्षांत त्यांनी मला असं कधी काही म्हटलं नव्हतं. पंजाबराव दुसरीकडे पाहू लागले.

अंधार पडला की या डोंगरात अस्वलं फिरतात. तानाबाईच्या बाया गावाकडे निघायला उठल्या होत्या. त्यांना जनकाबाईने हाताने थांबवलं. ती टोपलीपाशी आली, तो जास्तीचा रोडगा उचलला आणि तळहातावर कुस्करला. त्याचे बोराएवढे तुकडे झाले.

"पोट भरलं म्हनून एवढंसं बी जात नाई का?" ती म्हणाली. "ताईच्या नावानं घ्या. एकेक."

तिने पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. "पुष्पाताईच्या नावानं," ती म्हणाली, अगदी साधं, मेंढरू मोजावं तसं. मग निवृत्तीने घेतला. मग तानाबाईने, तिच्या एकेका जोडीदारणीने. प्रत्येक जण माझं नाव घेत होता. काहींना ते दुपारीच कळलं होतं, तेही अर्धंच; पूर्ण पुष्पांजली तर आता दवाखान्याच्या कागदांवरच उरलं होतं. वहाबभाईंनी तुकडा घेतला, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि खाल्ला. बिलकिस म्हणाली, "पुष्पाताईच्या नावानं. लंबी उमर भेटो तिले." पंजाबरावांना तर नाव घेता येईना. लग्नात उखाणा घेताना अडले होते, त्याहून वाईट अडले. शेवटी नुसताच घास खाल्ला आणि रुमाल काढला.

जनकाबाईच्या तळहातावर एकच तुकडा उरला. तिने तो आत्याबाईंच्या हातात ठेवला आणि आत्याबाईंनी माझ्या ओठांशी आणला.

दवाखान्यात मी कधी रडले नव्हते. घरीही नाही. माझी अशी समजूत होती की जे होईल ते मी मुकाट्याने घेईन, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. तिथे त्या वडाखाली, तोंडाशी राखेचा वास असलेला तुकडा, आणि भोवती दुपारपर्यंत अनोळखी असलेली माणसं माझ्या तोंडाकडे पाहत उभी, तेव्हा मला कळलं की मला जगायचं आहे. खूप जगायचं आहे. पुढच्या आठवड्याची तपासणी हवी आहे, तिच्या पुढची हवी आहे, पुढचा कापूस आणि पुढची सीताफळं हवी आहेत.

"बोल," आत्याबाई म्हणाल्या. "नाव घे. पंगतीनंच देला, आता तुह्या घास हाये."

"पुष्पांजलीच्या नावानं," मी म्हणाले आणि तोंड उघडलं.