आधीच्या आईला पत्ता लागू नये म्हणून

शेवटी आमचं घर पोलीस चौकीला जाऊन धडकलं. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही. चौकी अजून सरोवरात आपल्या जागी तरंगते आहे. जराशी कललेली दिसते, पण ती पहिल्यापासूनच कललेली होती याबद्दल गावात सगळ्यांचं एकमत आहे. हवालदारही हल्ली थोडा कलूनच बसतो.

सुरुवात माझ्या भाचीपासून झाली. मालिसताईने तिला अंगावर घेतलं की ती दोन घोट घ्यायची, मग ठसका, मग पाठीची कमान, मग अशी किंकाळी की घराखालचे मासे दुसऱ्याच्या घराखाली राहायला जायचे. दूध ओघळून चटईवर, चटईतून सरोवरात. ताई रडायची. बाळाच्या मांड्या वाळत चालल्या होत्या.

"हिला मी नकोच आहे," ताई म्हणायची.

येन आजी आमच्या गावची सुईण. तिचं निदान तयार होतं. "हिची आधीची आई येते. गेल्या जन्मीची. तीच पाजून जाते. मग ही तुझं कशाला पिईल?"

"पोट भरलेलं असतं तर एवढी किंचाळली असती का, आजी?"

"भुताच्या दुधाने मन भरतं गं, पोट नाही भरत. तू ताठ बस. ताठ बसल्याशिवाय दूध उतरत नाही."

ताई ताठ बसली. बाळ किंचाळलं. शेजारच्या बायका आपापल्या ओटीवरून सल्ले फेकत राहिल्या. आमच्याकडे तरंगती घरं एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे सल्ल्याला होडीसुद्धा लागत नाही.

"असं काय आहे हो त्या आधीच्या आईकडे?" ताईने एकदा हळूच विचारलं. आजीने पुन्हा तिची पाठ सरळ केली.

मग पाणी उतरायला लागलं. दरवर्षीसारखे सगळ्या गावाने घरांचे दोर सोडले आणि आम्ही सरोवराच्या आतल्या बाजूला निघालो. रिथ भावोजींनी आमचं घर होडीला बांधलं, मागे डुकरांचा पिंजरा बांधला आणि इंजिन सुरू केलं. पहाटेचं धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते डुकरांनाही सांगता आलं नसतं. घर डुलत होतं. ताईला बसवेना, म्हणून ती तांदळाच्या पोत्यांना टेकून मागे रेलली आणि बाळाला पोटावर पालथं घातलं.

आणि बाळ प्यायलं. घट, घट, घट. इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होतं. भावोजींनी इंजिन मंद केलं, देवळाजवळून जाताना करतात तसं.

नव्या जागी घर दोरांनी बांधलं, ताई पुन्हा आजीसमोर ताठ बसली. पुन्हा किंकाळी.

"लागला तिला पत्ता," आजी म्हणाली.

भावोजींनी दोर सोडले.

तेव्हापासून आमचं घर फिरायला लागलं. बाळाला भूक लागली की आम्ही निघायचो. शेजाऱ्यांना जाग यायची तर शेजारी पाणीच. सकाळी होडीतून शेवया विकणारी बाई धुक्यात ओरडत फिरायची, "अगं मालिस, कालचं घर कुठे नेलंस? माझी वाटी आहे तुझ्याकडे!" आम्ही श्वास रोखून पुढे सरकायचो. आधीची आई तिच्याच मागोमाग येत असेल तर? डुकरांना मात्र आता सरोवर बघून बघून कंटाळा आला होता.

अशाच एका सकाळी, घटघट ऐकू येताच भावोजींनी मान मागे वळवली आणि ती पुढे आणायला विसरले. ताई पोत्यांवर रेललेली, बाळाची मूठ तिच्या गळ्यापाशी, आजूबाजूला नुसतं पांढरं. मीही तिकडेच बघत होतो. त्यामुळे समोर काय झालं, किंवा झालं नाही, ते कोणीच पाहिलं नाही.

अर्धी दाढी केलेला हवालदार चौकीतून बाहेर आला. "घर कोणाचं?"

"आमचं, साहेब."

"चालवत कोण होतं?"

"बाळ," मी म्हणालो.

"लायसन?"

तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की घर थांबलंय. आम्ही किंकाळीची वाट बघत उभे राहिलो. हवालदारही, कारण काय ते न विचारता. किंकाळी आली नाही. घट, घट.

आवाज ऐकून येन आजी होडी वल्हवत आली आणि लांबूनच म्हणाली, "पोलिसांना घाबरली आधीची आई! तिच्याकडे कागद कुठले?"

ताईने एक डोळा उघडला. "आजी, मी आडवी आहे. बसले की दूध नळासारखं हिच्या घशात सुटतं. आता हिला ते वर ओढून घ्यावं लागतंय, म्हणून झेपतंय. हिला मी हवी आहे. फक्त हळू हवी आहे."

आजीने विचार केला. "तसंही असेल," ती म्हणाली. "पण पोलीससुद्धा असतील."

बाळाचं तोंड आपोआप सुटलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, डोळे मिटलेले. आणि मग झोपेतच ते कोणाला तरी बघून हसलं. झोपेत बाळांना आधीची आई हसवते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

"आली," ताई म्हणाली.

"हाकलू?" मी विचारलं.

ताईने बाळाच्या ओठावरचा थेंब बोटाने टिपला. "नको. तिलाही पान्हा फुटत असेल रे. ती कुठे नेईल तो?"

मग तिने मला लिहायला सांगितलं, आणि चौकीत दिलेला अर्ज तो हा:

माननीय हवालदार साहेब, तरंगती चौकी, यांस सविनय विनंती की, धुक्यातून एखादी बाई अर्जदाराच्या घराकडे येताना दिसल्यास तिच्याकडे कागदपत्रे मागू नयेत. तिचा पत्ता गेल्या जन्मातला असल्याने तो जुळणार नाही. बाळाचे पोट अर्जदार स्वतः भरेल. सदर बाईस केवळ हसवण्याची परवानगी असावी. तसेच यापुढे आमचे घर हलल्यास नवा पत्ता तिला चौकीमार्फत वेळीच कळवण्यात यावा, ही विनंती.