तीन दिवस मुरवलेल्या शिड्या

खेमराजशेठची अक्कल तांदळात अडकलेली होती. बापाची राईस मिल मोडून त्यांनी लाखनीला अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्यांचा कारखाना काढला खरा, पण डोकं पोत्यांतच राहिलं. तांदूळ जितका जुना तितका मोकळा शिजतो, भावही चढा मिळतो. मग भट्टीत शिडीही जितकी मुरेल तितकी पक्की, हे त्यांचं शास्त्र.

कामिनी तिथं मालाची तपासणी करायची. तिनं कितीदा सांगितलं होतं, की मंद आचेवर या धातूच्या पोटात कण धरतात, डोळ्यांना न दिसणारे, दाटीवाटीनं. त्यांच्या अडसरामुळंच धातू वाकत नाही. पण आच चालूच ठेवली तर मोठे कण लहानांना गिळतात, मोजके गलेलठ्ठ उरतात, मधली जागा मोकळी होते आणि धातू नरम पडतो. लहानांना गिळून मोठं होणं शेठना ठाऊक नव्हतं असं नाही; अर्धा बाजार त्यांनी तसाच घेतला होता. पण सांगणारी बाई, तीही पगारी. गाढवापुढे वाचली गीता.

यंदा टीव्हीच्या केबल टाकणाऱ्या ठेकेदाराची ऑर्डर आली. माल एक नंबर व्हावा म्हणून शेठनी भट्टी तीन दिवस बंदच केली नाही. तपासणीत सगळा माल नापास झाला. तुझं मशीनच बिघडलं असेल, म्हणत शेठनी ट्रक भरायला सांगितला.

त्याच ठेकेदाराकडे कामिनीचा धाकटा भाऊ अंकुश खांबांवर चढायचा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जाऊन फाटकातच उभी राहिली.

शेठ हसले. "जुनं ते सोनं, बाई. तुले काय समजते?"

तेवढ्यात त्यांचा मुलगा राजकुमार पुढे आला. बापाचा शब्द त्याला ब्रह्मवाक्य. मी चढून दाखवतो, व्हिडिओच टाकू, म्हणत त्यानं एक शिडी शेडला टेकवली आणि मोबाईल सावरत चढू लागला.

शेठनी धावत जाऊन त्याची पँट धरली. "उतर. उतर म्हणतो ना खाली."

हमालांचे हात थांबले. राजकुमार काही न कळून बापाकडे बघत राहिला.

कामिनीला हसू आलं नाही, किळस आली. "काहून जी, शेठ?" ती म्हणाली. "माझा अंकुश तर रोज चढला असता याच्यावर."

तिच्याकडे न बघताच शेठनी ट्रक रिकामा करायला सांगितला.